मार्कशीटवर आईचं नाव आलं ते एका डॉक्टरमुळे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत, पोरं मोबाईलवरच फॉर्म भरतायत, आणि 'आईचं नाव' हा रकाना आला की पटकन टाइप करून पुढे जातात. त्यात काही गैर नाही, पण मुंबई विद्यापीठाच्या डिग्रीवर ते नाव कोणामुळे आलं हे पोरांचं सोडाच, शिकवणाऱ्यांनाही माहीत नसतं म्हणून हे पत्र लिहितोय. ते आलं डॉ. स्नेहलता देशमुख मॅडममुळे. १९९५ ते २००० त्या कुलगुरू होत्या. जुलै २०२४ मध्ये गेल्या तेव्हा चार दिवस सगळीकडे लिहून आलं, मग सगळं शांत.

मॅडम मुळात लहान मुलांच्या सर्जन. हे काम काय असतं ते जरा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मध्येच बंद असते. तोंडातून सारखा फेस येतो, पहिलं दूध पाजायला गेलं की ठसका लागून बाळ काळंनिळं पडतं. दोन-अडीच किलोचा जीव, आणि ऑपरेशन पुढे ढकलायची सोय नाही. अशा बाळांवर ऑपरेशनं करणारी बाई पुढे सायन हॉस्पिटलची डीन झाली. सायन म्हणजे महापालिकेचं लोकमान्य टिळक हॉस्पिटल, धारावीला खेटून, गर्दी कायमची. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी पण इथलीच, १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. तिथे उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला आई काय काय निस्तरते हे वेगळं सांगावं लागत नाही, असं माझं स्वतःचं मत आहे.

त्या कुलगुरू झाल्या तेव्हा मी ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात होतो. डॉक्टर बाईंना आर्ट्स-कॉमर्सचं काय कळणार अशी कुजबुज आमच्याकडेही झाली. खरं तर डॉक्टर कुलगुरू ही काय नवी गोष्ट नव्हती. मद्रासला प्रसूतितज्ज्ञ डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार १९४२ पासून २७ वर्षं कुलगुरू होते, कलकत्त्यालाही डॉ. बिधानचंद्र रॉय होऊन गेले. आणि मुंबईत तर मॅडमच्या आधी डॉ. मेहरू बेंगाली या बाई कुलगुरू झालेल्याच होत्या.

मग आईच्या नावाचा निर्णय आला. काहींना वाटलं एक रकाना वाढला, आमचं काम वाढलं, बस. पण खिडकीवर बसल्यावर कळलं प्रकरण किती खोल आहे ते. आपल्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत, म्हणजे माहेरची मंदा सासरी आली की सुनंदा, रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि घरात तर सगळे वहिनी नाहीतर काकू म्हणणार. पोरं खिडकीवर येऊन विचारायची, सर कुठलं लिहू? मी सांगायचो आईलाच विचारून ये, तिला जे पाहिजे ते लिही. एक मुलगा दुसऱ्या दिवशी आला तो आईचं माहेरचं नाव घेऊन. म्हणाला, तिने हेच लिहायला सांगितलंय आणि स्पेलिंग पण तिनेच काढून दिलंय. वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. एवढ्या वर्षांत आमच्या ऑफिसात असं कोणी कुठल्या आईला विचारलं नव्हतं.

फोर्टातला राजाबाई टॉवर रोज हजारो लोक बघतात. १८७८ ला बांधून झाला, पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि नाव आपल्या आईचं दिलं. म्हणजे विद्यापीठाच्या टॉवरवर आई होती, पण १८५७ साली सुरू झालेल्या त्याच विद्यापीठाच्या डिग्रीवर ती यायला शंभरच्या वर वर्षं लागली आणि त्यासाठी एक सर्जन खुर्चीवर यावी लागली.

मार्कशीटवर क्रम असा की आडनाव, स्वतःचं नाव, वडील आणि शेवटी आई. आता सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी बाळाच्या नावानंतर लगेच आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम ठरवलाय. चांगलंच आहे. पण त्याआधी जन्मलेल्यांचं काय? माझ्या ओळखीतली एक मुलगी, आईने एकटीने वाढवलेली, नोकरीचे कागद द्यायला गेली तर तिथला क्लार्क म्हणे वडिलांच्या नावाशिवाय सिस्टीम पुढे जात नाही. डिग्री दाखवली, त्यावर आईचं नाव छापलेलं आहे, तरी ऐकेना. शेवटी ज्याला तिने कधी बघितलंही नाही त्याचं नाव टाकून फॉर्म पुढे गेला. मला हे ऐकून फार त्रास झाला.

म्हणून दोन मागण्या आहेत, कृपया छापाव्यात. एक, सरकारी-खासगी कुठल्याही ऑनलाइन फॉर्ममध्ये वडिलांच्या नावाची सक्ती काढा, आई किंवा वडील यातलं एक नाव भरलं की फॉर्म पुढे गेला पाहिजे. दुसरं, ज्यांच्या जुन्या डिग्रीवर आईचं नावच नाही त्यांना ते घालून घ्यायचं असेल तर विद्यापीठाने साधा अर्ज ठेवावा, ॲफिडेव्हिट, गॅझेट अशा चकरा मारायला लावू नये. मी स्वतः अर्ज करणार आहे, माझ्या बीकॉमच्या डिग्रीवर आई नाही.

आपला,
एक निवृत्त कॉलेज कर्मचारी, डोंबिवली