नोटिशीच्या निमित्तानं

पुणे, रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र आणि नोटिशीची झेरॉक्स मिळाली. टाकीच्या टेंडरबद्दल तू छापलंस म्हणून साहेबांनी बदनामीचे एक कोटी मागितलेत हे वाचून आधी हसलो. तुझी छापखान्याची उधारी मला ठाऊक आहे. पण शेवटी तू विचारलंयस, ‘आपल्याला लिहायचं स्वातंत्र्य आहे की नाही, एका वाक्यात सांग,’ तिथे हसू थांबलं. एका वाक्यात मावत नाही, म्हणून रविवार खर्ची घालतोय.

टिळकांना 1908 साली राजद्रोहाखाली सहा वर्षं झाली हे इथे शेंबडं पोरही सांगेल. त्यांचा पहिला तुरुंगवास मात्र 1882 चा, आणि तो राजद्रोहाचा नव्हे, बदनामीचा. कोल्हापूरचे दिवाण बर्वे तिथल्या महाराजांचा छळ करतात, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं केला. आधाराला पत्रं होती, ती बनावट निघाली. आगरकर आणि टिळकांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 101 दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढून दोघं सुटले. पुण्यात या प्रकरणाचा अभिमानच जास्त सांगतात. बनावट पत्रांचा भाग घाईघाईनं उरकतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो. संपादक प्रामाणिक होते, तरी बर्व्यांची अब्रू गेली होतीच. म्हणजे मर्यादा हवी. पण त्यासाठी माणूस आत टाकायचा?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं 2011 मध्ये स्वच्छ म्हटलंय, की बदनामीला तुरुंगवास ही योग्य शिक्षा कधीच असू शकत नाही. आपल्याकडे नव्या न्याय संहितेतही 356 कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद आहेच. समाजसेवेचा पर्याय तेवढा वाढला. फौजदारी बदनामी घटनेत बसते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये ठरवलं. मला ते आजही पटलेलं नाही. पैशांचा दावा लावा, खुलासा छापायला लावा; पण तालुक्याच्या गावातल्या संपादकाला तारखांना हेलपाटे घालायला लावणं हीच अर्धी शिक्षा असते.

ही समिती ज्या करारावर लक्ष ठेवते तो नागरी आणि राजकीय हक्कांचा करार 1966 चा. भारत त्यात 1979 साली सामील झाला. त्याचं 19 वं कलम आधी स्वातंत्र्य देतं आणि मग बंधन घालणाऱ्यालाच अटी घालतं. बंधन कायद्यात लिहिलेलं हवं, तेही आधी वाचून कळेल इतकं स्पष्ट. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम 2015 मध्ये कोर्टानं रद्द केलं, ते मुख्यतः या मोघमपणामुळेच. दुसरं, कारण ठरलेल्या यादीतलं हवं: इतरांचे हक्क आणि अब्रू, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, नीती. ‘साहेबांना राग आला’ हे त्या यादीत नाही. आणि तिसरं, बंधन खरोखर गरजेचं हवं. कमी कडक उपायानं भागत असेल तर जास्त कडक चालत नाही.

यादीचं महत्त्व आपल्या घटनेतही आहे, आणि ते पटवून दिलं बुधवार पेठेतल्या ‘सकाळ’नं. किती पानांचा अंक किती किमतीला विकायचा हे सरकारनं 1956 चा कायदा आणि 1960 चा आदेश काढून ठरवलं. हेतू ऐकायला गोड होता: मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये. ‘सकाळ’ कोर्टात गेला. 1961 मध्ये निकाल लागला, की लोकहिताच्या नावाखाली धंद्यावर बंधन घालता येईल, अभिव्यक्तीवर नाही. अभिव्यक्तीवरच्या बंधनांना घटनेच्या 19(2) मध्ये जी कारणं आहेत तेवढीच. पानं कमी केली किंवा खप घटवला, तर तो बोलण्यावरच घाला. ‘सकाळ’च्या नानासाहेब परुळेकरांच्या या लढ्याची पाटी शहरात कुठेतरी असायला हवी. आपल्याकडे पाट्यांची तशी कमी नाही.

मर्यादाच नको म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. रवांडात 1994 साली रेडिओवरून तुत्सी जमातीच्या लोकांना मारायला चिथावलं गेलं. त्या स्टेशनच्या संस्थापकांपैकी दोघांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं 2003 मध्ये दोषी ठरवलं. द्वेषाच्या चिथावणीवर बंदी घाला, असं तोच करार 20 व्या कलमात सांगतो.

आता तुझं. टाकीच्या टेंडरबद्दलचा मजकूर पक्का आहे. 1994 च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की सरकारी अधिकाऱ्याच्या कामाबद्दल छापलेल्या मजकुरासाठी त्याला नुकसानभरपाई मागता येत नाही. मजकूर खोटा होता आणि छापणाऱ्यानं खऱ्याखोट्याची फिकीरच केली नाही, हे त्याला दाखवावं लागतं. वाजवी शहानिशा केली एवढं तू दाखवलंस तरी पुरे. पण मुलीच्या लग्नाच्या खर्चावरचा परिच्छेद? तो मला आवडला नाही. खर्च आणि टेंडर यांचा धागा तुझ्याकडे असता तर गोष्ट वेगळी. तो नाही, आणि त्या मुलीनं कुठलंही टेंडर काढलेलं नाही. तेवढ्या परिच्छेदापुरती दिलगिरी छाप, बाकीच्या एका ओळीलाही हात लावू नकोस.

आणखी एक. कागद कुणी दिले हे उत्तरात लिहू नकोस, फोनवरही बोलू नकोस. प्रेस कौन्सिल तुला स्रोताचं नाव सांगायला भाग पाडू शकत नाही, तसं तिच्या 1978 च्या कायद्यातच आहे; कोर्टापुढे मात्र तसलं कायद्याचं कवच आपल्याकडे नाही. म्हणून माहिती अधिकारात त्याच कागदांच्या प्रती आजच माग. त्या आल्या की सगळी मदार त्यांच्यावर ठेवता येईल.

उत्तराचा मसुदा वकिलांना देण्याआधी मला पाठव. वहिनींना नमस्कार. त्या म्हणतात ते ऐक आणि मूळ कागद घरात ठेवू नकोस.

तुझा,
सुध्या