व्हिडिओ बघा म्हणता, पण प्लेअर कोण टाकणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आजकाल ऑफिसात कसलंबी ट्रेनिंग आलं की वरून व्हिडिओ येतो, संगं मेसेज, सगळ्यांनी बघून संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवा. मी लातूर जिल्ह्यातल्या एका ऑफिसात कंत्राटी टेक्निशियन आहे, साठेक कॉम्प्युटर माझ्या गळ्यात, त्यामुळं पुढचं सगळं मलाच निस्तरावं लागतं.

व्हिडिओ असतो मोबाईलवर काढलेला, एच.२६५ मधला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत. मोबाईलवर मस्त चालतो पण विंडोजसोबत आलेला प्लेअर त्याच्यासाठी स्टोअरमधून विकतचं एक्स्टेन्शन मागतो, आवाज येतो अन् चित्र काळं. मग बाबूलोक गूगलवर फ्री प्लेअर शोधतात, पहिली जाहिरात दिसली की डाउनलोड, अॅडमिन पासवर्ड, जो नवं काही टाकायला लागतो, तो तर मॉनिटरलाच चिटकवलेला (तो मी नाही चिटकवला, माझ्या आधीपासून हाय). एका मशीनवर तसले तीन प्लेअर अन् दोन टूलबार निघाले, मशीन चालू व्हायला चहा पिऊन होत होता.

म्हणून मी साहेबांना म्हणलं, पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलाला फिरण्यापेक्षा व्हीएलसी नावाचा प्लेअर सर्व्हरवरून एकदाच टाकू, फुकट आहे, त्याची एमएसआय (इन्स्टॉल करायची) फाइल मिळती, ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशिनींना एकदम हुकूम द्यायच्या सोयीत, लावली की मशीन चालू होतानाच आपोआप बसतं. साहेब हो म्हणले. पहिल्या दिवशी एकाबी मशीनवर बसलं नाही. चूक माझीच होती, फाइलचा पत्ता मी झेड ड्राइव्हचा (सर्व्हरवरच्या फोल्डरला दिलेलं छोटं नाव) दिला होता, अन् झेड ड्राइव्ह तर माणूस लॉगिन झाल्यावर दिसतो, इन्स्टॉल त्याच्या आधी होतं. सर्व्हरच्या नावानं पूर्ण पत्ता टाकला, शेअर फोल्डर वाचायची परवानगी माणसांना होती ती कॉम्प्युटरांना दिली, तेव्हा चालू झालं.

पण आपल्याकडची गंमत वेगळीच. संध्याकाळी जाताना सगळे मेन स्विच बंद करून जातात, लाइटचा भरवसा नाही म्हणून, त्यामुळं रात्रीतून काही टाकायचं म्हणलं तर जमतच नाही. सकाळी दहाला सगळ्या मशिनी एकदमच चालू. तालुक्याच्या ऑफिसातल्याही सगळ्या आमच्याच सर्व्हरवरून ती मोठी फाइल ओढायल्या, अन् तिथली लाइन कसली असती ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्क्रीनवर थांबा म्हणून आलं की एका काकांनी मशीन अडकली समजून बटण दाबून बंदच केली, तीनदा. शेवटी तालुक्याच्या ऑफिसातच फाइलची कॉपी ठेवली अन् रोज दहा-दहा मशिनी घेतल्या, तवा कुठं तिथलं उरकलं.

बरं टाकणं एकवेळ होतं, जुनं काढायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. आमच्या काही मशिनींवर अजून क्विकटाइम हा ॲपलचा जुना प्लेअर बसलेला होता, ॲपलनं विंडोजसाठी त्याचा सपोर्ट २०१६ लाच बंद केलाय अन् त्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या सायबर सुरक्षावाल्यांनी ते काढून टाका म्हणून सांगितलं होतं. ब्राउझरात व्हिडिओ चालवणारं फ्लॅश तर २०२० च्या शेवटी गेलं, तरी त्याचे आयकॉन डेस्कटॉपवर तसेच. अन् व्हीएलसीसुद्धा एकदा टाकून सोडून द्यायची गोष्ट नाही, नवं व्हर्जन आलं की ते अपडेट विचारतं, साध्या युजरला अॅडमिन पासवर्ड लागतो, मग परत मला फोन, नाहीतर मॉनिटरवरची चिठ्ठी.

आता माझं म्हणणं एवढंच हाय, जिल्हा लेव्हलच्या ऑफिसांनी कोणता प्लेअर वापरायचा ते एकदा ठरवून द्यावं, अपडेट कोण टाकणार त्या माणसाचं नाव ऑर्डरमधे लिहावं, अन् व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी निदान एच.२६४ या जुन्या पद्धतीत करून पाठवावा, तो बघायला विकतचं काही लागत नाही. आमच्या ऑफिसात अजून नऊ मशिनी राहिल्यात, काकांची धरून.

— एक कंत्राटी टेक्निशियन, लातूर जिल्हा