मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुले पत्र : काचबिंदू लिहिण्याआधी नजरेचा घेर तपासा

मा. महोदय,
स.न.वि.वि.

माझा मोठा भाऊ दोन वर्षं काचबिंदूचे थेंब घालत होता. वय 44, डोळ्याचा दाब 14 ते 16, म्हणजे नॉर्मल. पण मागची नस फिकी दिसली, म्हणून केसपेपरवर 'दाब न वाढता होणारा काचबिंदू' लिहिलं गेलं आणि पुढच्या प्रत्येकाने तेच चालू ठेवलं. इकडे दादाचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, कधी डावा, कधी उजवा. ओव्हरटेक करणारी गाडी त्याला थेट पुढ्यात आल्यावरच दिसायची.

अखेर एका तरुण डॉक्टरताईंनी एक डोळा झाकून थेंबाच्या बाटलीचं लाल टोपण समोर धरलं. नाकाच्या बाजूला लालभडक. कानाकडे सरकवलं तर दादा म्हणाला, "विटलं... आता दिसतच नाही." दुसऱ्या डोळ्याचंही तेच. फील्ड टेस्टच्या, म्हणजे नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी होती आणि त्या काळ्याची कड मधोमध, उभी, पट्टीने आखल्यासारखी. काचबिंदूतला डाग बहुधा आडव्या रेघेशी थांबतो. तो उभ्या रेघेशी थांबला तर मेंदूकडे बघावं लागतं. एमआरआयमध्ये पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीची, गाठ निघाली. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथेच ती खालून दाबत होती. नाकावाटे ऑपरेशन झालं. थोडी नजर परत आली, सगळी नाही.

काचबिंदू कितीतरी जास्त जणांना होतो आणि न दुखता नजर नेतो. हे वाचून कृपा करून कुणीही थेंब बंद करू नयेत. पण दाब नॉर्मल, वय कमी, रंग विटलेले, नस खोलगट कमी आणि फिकी जास्त, असा रुग्ण समोर आला तर थांबून विचार व्हायला हवा.

प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात फील्ड टेस्टचं मशीन आणि ते चालवणारा माणूस द्या. त्या कागदाशिवाय काचबिंदूचं निदान कायम होऊ नये, आणि कड उभी दिसली तर एमआरआयसाठी महिनोन्‌महिने ताटकळावं लागू नये. मशीन येईपर्यंत नेत्र शिबिरांत किमान लाल टोपणाची तपासणी सक्तीची करा. तिला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही.

दादाचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फील्ड टेस्टचे कागद माझ्याकडे आहेत. आपण बोलवाल त्या दिवशी घेऊन येईन.

आपली,
एका रुग्णाची बहीण