रिमोटचा सेल

गिरगाव, मुंबई
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय पम्या,

आधी बस. हातात चहा असेल तर खाली ठेव. तुझा राजमाचीचा हेडटॉर्च सापडला.

हो, तोच, तुझ्या आतेभावाने आणलेला पेट्झलचा टिक्का. बावीस वर्षं तो माझ्याकडे नाहीच असं मी शपथेवर सांगत होतो, आणि तो आमच्याच माळ्यावर श्रीखंडाच्या डब्यात मंद्याच्या शिट्टीसोबत पडलेला. चाळ रिकामी करायची नोटीस आलीय, ही दिवाळी इथली शेवटची, म्हणून माळा उपसतोय. चार महिने तुला फोन नाही त्याचं कारणही हेच धर. बाकी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे.

टॉर्च नुसता सापडला असता तर फोनच केला असता. पण मी तो उघडला. झाकण निघेना. नखाने पाहिलं, सुईने पाहिलं, शेवटी पाच रुपयांच्या नाण्याने टचकन उघडलं. आत तिन्ही सेल फुटून पांढरं मीठ साचलेलं. दोन सेल एकसारखे, अल्कलाईन, मी आणलेले. तिसरा साधा लाल. त्याच्या पोटाला चिकटपट्टीखाली पिवळी पडलेली कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर बाबांचं अक्षर: टी.व्ही. १५/८/०२.

तू बाबांना ओळखतोस. सिलिंडर लावला की तारीख, बल्ब लावला की तारीख. आता दिवस मोज. आपण राजमाचीच्या ट्रेकला निघालो शनिवारी, २२ मार्च २००३. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड कपची फायनल. मी तुझा टॉर्च भरून पिशवीवर ठेवला आणि आंघोळीला गेलो. तेवढ्यात बाबांनी एक नवा सेल काढून रिमोटला घातला आणि रिमोटचा मेलेला तुझ्या टॉर्चमध्ये. रिमोटला दोन लागतात, पण घेतला एकच. हिशेबी माणूस.

म्हणजे कोंढाण्याच्या लेण्यांच्या वर, त्या रानात, होळी होऊन चारपाच दिवस झालेले आणि चंद्राचा पत्ता नाही अशा वेळी तुझ्या कपाळावरचा उजेड काजव्याएवढा झाला, त्याला मी जबाबदार नव्हतो. पण तू म्हणत होतास तेही खोटं नव्हतं. पांढऱ्या एलईडीला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात. तीन सेल एकामागोमाग जोडलेले, त्यातला एक मेला की उरलेल्या दोघांवर ओझं, वर मेलेल्यातून उलटा रेटा जातो आणि तो आधी फुटतो. तेव्हाच उघडून बघितलं असतं तर मिटलं असतं. पण मंद्या म्हणाला, अंधारात उघडलात तर सेल दरीत जातील, आणि त्याची ती तीन सेलची स्टीलची बॅटरी घेऊन पुढे निघून गेला. मागे तू, तुझा घोटा आणि मी.

आणि तू काय बोललास? "तुमच्या घरात सेल गॅलरीत उन्हात वाळवून परत घालतात." मी पावती दाखवली, तू बघितली नाहीस. आठ महिने आपण बोललो नाही. मंद्याच्या लग्नात पंगतीला शेजारी बसवलं म्हणून बोललो. ते आठ महिने मी बाबांच्या अब्रूसाठी भांडत होतो रे. तर माफी मागतोय असं समजू नकोस. सेल वाळवलेला नव्हता, रिमोटचा होता. फरक आहे. तुझा घोटा ज्याच्यावाचून सुजला तो नवा सेल बहुतेक सचिन चारवर गेल्यावर टीव्ही बंद करायला वापरला गेला असेल.

आता खरं सांगायचं ते. बाबांना विचारू की नको? चौऱ्याऐंशी झाले. आज वार कोणता ते सकाळी तीनदा विचारतात, पण पाँटिंग नाबाद १४० आणि ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९ हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. सेलचं विचारलं आणि आठवलं तर चोरी पकडल्यासारखं तोंड करतील. नाही आठवलं तर ते मला बघवणार नाही. चिठ्ठी पाकिटात ठेवलीय, रोज काढतो, परत ठेवतो.

चिंता चाळ सोडायची आहे. रात्री ते दोनदा उठतात. दिवा लावत नाहीत, लागतच नाही. आमच्या दारापासून सात दारं, मग नळ, मग संडास. हाताने चौकटी मोजत जातात. नवीन भाड्याची जागा अकराव्या मजल्यावर. संडास खोलीतच, सगळे म्हणतात किती सोय. पण पम्या, रात्री दोनला उठून हा माणूस गॅलरी शोधणार आणि सात दारं मोजायला लागणार. पहिलं दार बाल्कनीचं आहे. मी कुलूप लावीन म्हणतो, ही म्हणते बाबांना कोंडायचं का?

म्हणून माझा नवा हेडटॉर्च त्यांना दिलाय. जुलैत ओंकारच्या ग्रुपबरोबर कळसूबाईला गेलो तेव्हा घेतला होता. टाइप-सीवर चार्ज होतो, आत १८६५० चा सेल, म्हणजे अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट लांब, आणि खोक्यावर एक हजार लुमेन उजेड. ते हजार सुरुवातीचे. तापला की आपणहून उतरतो. शिड्यांपाशी धुकं आलं आणि हजार लुमेनची पांढरी भिंत डोळ्यांसमोर उभी राहिली, पुढची पायरी दिसेना. शेवटी कपाळावरून काढून कमरेपाशी हातात धरला, तेव्हा कुठे दगडांच्या सावल्या पडल्या आणि वाट कळली. तुला आठवतंय, तू चड्डीच्या इलास्टिकने बॅटरी डोक्याला बांधायचास आणि मी हसायचो? मी हातातच धरायचो. त्या भांडणातही मीच बरोबर होतो, फक्त धुक्यापुरता. आणखी एक. तुझा जुना मंद होत होत, सांगून मरायचा. हा शेवटपर्यंत तसाच जळतो आणि एकदम बसतो.

बाबांना लाल दिवा लावून दिला, रात्री डोळे दिपू नयेत म्हणून. म्हणाले, "मी काय सिग्नल आहे?" मग पांढरा. माकडटोपीवर पट्टा चढवून गॅलरीतून निघाले, तर पहाटेचा दूधवाला जिन्यातच थांबला. पहिल्या दोन रात्री दारं मोजली नाहीत. तिसऱ्या रात्री मी जागाच होतो. टॉर्च चालू, आणि हात तरीही चौकटींवरून जात होता.

तुझं काय? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? मधुराला नोकरी लागल्याचं मंद्याकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, ते लक्षात ठेवलंय. चिपळूणला पावसाने यंदा किती छळलं ते लिही.

टॉर्च व्हिनेगरमध्ये कानकाडी बुडवून साफ केला. अल्कलाईनचं मीठ व्हिनेगरने सुटतं. तीन नवे सेल घातले. तीनपैकी दोन एलईडी लागले. सेल घालताना बाबा शेजारी येऊन उभे राहिले, चिकटपट्टी मागितली आणि तिन्हींवर तारीख घातली. का घालतोय ते मी विचारलं नाही. दिवाळीला ये, आल्यावर ठरव विचारायचं की नाही. तुझं ते ऐकतात.

तुझा,
बंड्या

ता. क. रिमोटमधले सेल आज सकाळी मी स्वतः तपासले. दोन्ही नवे आहेत.