साथीच्या आराखड्यात मनाच्या आजाराचीही तरतूद हवी

महोदय,

कोविडच्या साथीचा आढावा आजही बहुधा खाटा, ऑक्सिजन आणि लसींच्या हिशेबानेच घेतला जातो. साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्याचे प्रमाण जगभरात सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितले, पण आपल्याकडे त्याची चर्चा फार काळ टिकली नाही.

कोपरखैरणे, घणसोली परिसरातील माथाडी कुटुंबांनी काय सोसले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. टाळेबंदीतही मुंबईला भाजीपाला आणि धान्य मिळावे म्हणून हे कामगार वाशीच्या बाजार समितीत जात राहिले. घरी परतल्यावर दाराबाहेरच कपडे बादलीत भिजवायचे आणि सिडकोच्या लहानशा घरात लेकरांपासून दूर कुठे पाठ टेकायची, हा रोजचा पेच होता. स्वतःला लागण होण्यापेक्षा आपल्यामुळे घरच्यांना होईल, ही धास्ती त्यांना अधिक छळत असे.

ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांची अवस्था याहून कठीण होती. अनेकांना अंत्यदर्शनही मिळाले नाही. एरवी दुखवट्याला माणसे येतात, गेलेल्याच्या त्याच त्या आठवणी पुन्हा पुन्हा निघतात आणि त्यातूनच मन हलके होते. नेमका तोच आधार तुटला. आमच्या सोसायटीतील काही ज्येष्ठ महिलांनी तेव्हा अशा घरांना रोज सायंकाळी फोन करण्याच्या पाळ्या लावून घेतल्या. उपदेश नाही, की सांत्वनाची ठरीव वाक्ये नाहीत. जेवलात का, झोप लागली का, एवढे विचारले तरी समोरची व्यक्ती बराच वेळ बोलत राही. मृतांचे आकडे दाखवणारा टीव्ही बंद ठेवा, असेही त्या बजावत (आणि ते योग्यच होते).

ऑक्टोबर 2022 पासून मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. ठाण्यात तर 1901 पासून मनोरुग्णालय आहे. परंतु त्याचे नाव काढताच घरात कुजबुज सुरू होते, त्यामुळे साधी झोप उडालेला माणूस त्याची पायरी चढणे अवघडच. म्हणून ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी समुपदेशक बसवावा. तसेच पुढील साथीच्या आराखड्यात, मृत्यू झालेल्या घराशी किमान तीन महिने संपर्क ठेवण्याची जबाबदारी एका नेमलेल्या कर्मचाऱ्यावर लेखी सोपवावी.

– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई