जिवाणूंची ओळख: शर्करांची परीक्षा अजून बाद झालेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिवाणू ओळखण्यासाठी आता डीएनएचा क्रम वाचला की पुरते, जुन्या रासायनिक परीक्षा अडगळीत टाकायला हरकत नाही, असा सूर आपल्या विज्ञान पुरवणीतील लेखात आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी व्यक्ती म्हणून मला तो घाईचा वाटतो. पेशींतील शर्करांच्या विश्लेषणाबाबत तर विशेषच.

अ‍ॅक्टिनोमायसीट या, बुरशीसारखे तंतू वाढवणाऱ्या गटातील कित्येक जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखेच दिसतात. ह्यूबर्ट आणि मेरी लेशेव्हालिए या दांपत्याने 1970 च्या सुमारास, ज्यांच्या पेशीभित्तिकेत मेसो-डायअमिनोपिमेलिक आम्ल हे अमिनो आम्ल असते अशांची विभागणी शर्करांवरून करून दाखवली. अरॅबिनोज व गॅलॅक्टोज मिळाले तर नोकार्डिया किंवा तिच्या जवळची प्रजाती, झायलोज व अरॅबिनोज मिळाले तर मायक्रोमोनोस्पोरा, आणि मॅड्युरोज मिळाले तर अ‍ॅक्टिनोमॅड्युरा किंवा तिची एखादी आप्त प्रजाती. वाळवलेल्या पेशी सौम्य आम्लात उकळायच्या, आम्ल उदासीन करून द्राव क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) पट्टीवर चढवायचा आणि अ‍ॅनिलीन थॅलेट हे शर्करांना रंग आणणारे रसायन फवारून पट्टी तापवायची, की अरॅबिनोज-झायलोजचे ठिपके लालसर आणि गॅलॅक्टोज-ग्लुकोजचे तपकिरी उमटतात. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, हेही लेखात यायला हवे होते.

अँथ्रॅक्सचा बॅसिलस अँथ्रासिस आणि त्याचा भाऊबंद बॅसिलस सिरीयस यांचा 16एस आरआरएनए जनुकाचा क्रम, जो ओळखीसाठी सर्रास वाचला जातो, जवळजवळ सारखाच आहे. वायू क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटमापनाने मात्र दोघांच्या शर्करांत फरक दिसला. अर्थात येथेही सावधगिरी हवीच: 2004 मध्ये अँथ्रासिसच्या बीजाणूंच्या बाह्य आवरणात सापडलेली अँथ्रोज ही शर्करा प्रथम त्याचीच खूण वाटली होती, पण पुढे ती सिरीयसच्या काही वाणांतही आढळली. म्हणून केवळ शर्करांवर निर्णय द्यावा असे माझे म्हणणे नाही. नव्या प्रजातीचे वर्णन करताना जनुकीय क्रमासोबत पेशीभित्तिकेतील अमिनो आम्ले, मेदाम्ले आणि शर्करा नोंदवण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

या परीक्षेतील खरी गफलत वेगळ्याच ठिकाणी होते. माध्यम घट्ट करण्यासाठी वापरले जाणारे अगर स्वतः मुख्यतः गॅलॅक्टोजपासून बनलेले असल्याने, घट्ट माध्यमावरून खरवडलेल्या पेशींबरोबर त्याचे कण आले तर नसलेले गॅलॅक्टोज पट्टीवर हजर होते. त्यामुळे पेशी द्रव माध्यमात वाढवून, वारंवार धुऊनच वापराव्यात. लेखात या परीक्षेवर बेभरवशाची असा शेरा आहे. तो मारण्यापूर्वी नमुना कसा तयार केला होता, एवढे तरी विचारायला हवे होते.

आपली वाचक,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक प्राध्यापिका