दप्तर न काढणारं पोरगं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका पालकांचं पत्र आलं होतं, की शाळेतली छडी गेली तशी शिस्तही गेली, पोरं बाईंना उलट बोलतात, वर्गात झोपतात, सांगितलेलं डोक्यात शिरत नाही, तर छडी परत आणा. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ते कात्रण फिरलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मी पण मान डोलावली, एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलीत, पट्टी मी पण वापरलीय. पण रात्री झोप लागेना कारण एक पोरगं आठवलं. तेवढं सांगते, पत्र लांबलं तर खुशाल कात्री चालवा.

२०१९ चा कोल्हापूरचा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्या इथं शाळेचं तोंड न बघितलेल्या म्हातारीला पण पाठ असतं, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, तिकडं चिखली-आंबेवाडी, सगळीकडं घरात पाणी, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद, गावात दूध नाही पेट्रोल नाही. आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केलेली होती. पाणी उतरलं, लोक गेले, आम्ही चिखल काढला, फिनेल मारलं आणि शाळा भरवली, आणि लगेच काय केलं तर बुडालेला पोर्शन भरून काढायला जादा तास आणि वर घटक चाचणी. जणू काही पूर फक्त वेळापत्रकात आला होता.

माझ्याकडं चौथी होती. त्यात नदीकाठच्या गल्लीतलं एक पोरगं, बडबड्या, पाढ्यात पक्का, कुणी अडकलं की हा बेंचखालून बोटं दाखवून सांगणार. शाळा भरली त्या दिवसापासून हे पोरगं पाठीवरचं दप्तर काढेना. बेंचवर बसायचं ते पण दप्तर पाठीलाच, त्यामुळं मागं टेकता यायचं नाही, कडेला अर्धवट बसलेलं, पुढं वाकलेलं. लिहिताना डाव्या खांद्यावरचा पट्टा घसरायचा की पेन्सिल खाली ठेवून पट्टा वर ओढायचा, परत दोन ओळी, परत पट्टा. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की फळ्याकडं नजरच नाही. जूनमध्ये तेराचा पाढा घडाघडा म्हणणारं पोरगं तेरा साते पाशी येऊन थांबायचं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचं. मला वाटलं नाटकं चाललीत, सुट्टीत लाडावलंय. दोन दिवस गोडीत सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी जवळ गेले आणि दप्तर धरून ओढलं, तर ते माझ्या मनगटाला कडकडून चावलं. अख्खा वर्ग गप्प. मी एक ठेवून दिली आणि मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर नेऊन उभं केलं, शाळा सुटेपर्यंत.

संध्याकाळी न्यायला त्याची आजी आली. तिनं सांगितलं की रात्री दोनला पाणी उंबऱ्याला लागलं, बापानं झोपेतनंच याला खांद्यावर टाकलं, दप्तर खुंटीला राहिलं, हे पोरगं "माझं दप्तर, माझं दप्तर" म्हणून ओरडतंय आणि आई म्हणतीय गप, गप. परत गेले तेव्हा वह्यांचा नुसता लगदा. हे दप्तर नवीन, कुणीतरी मदतीत दिलेलं. "रात्री पण उशाला घेऊन झोपतंय बाई, ऱ्हाऊ दे की त्याच्याजवळ." मला त्या म्हातारीकडं बघवेना.

मग मी वाचायला लागले, एका मानसोपचार डॉक्टरांच्या कार्यशाळेला पण जाऊन बसले, जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला म्हणतात, धोका दिसला की भोंगा वाजवायचं काम त्याचं. भोंगा वाजला की अंगात अॅड्रिनालिन, कॉर्टिसॉल सुटतं, छाती धडधडते, हातपाय पळायला नाहीतर मारायला तयार होतात, आणि काही पोरं जागच्या जागी थिजून जातात. पुराच्या रात्री हे लागतंच, त्यानंच जीव वाचतो. पण काही पोरांचा भोंगा पाणी उतरलं तरी बंद होत नाही, पावसाचा आवाज, खेकसलेला माणूस, कुणी अचानक पाठीला हात लावणं, एवढ्यावर परत वाजतो. आणि तो वाजत असताना कपाळामागचा भाग, ज्यानं आपण विचार करतो, स्वतःला आवरतो, हातचा लक्षात ठेवून बेरीज करतो, तो मागं पडतो. शिकलेलं साठवून ठेवणारा हिप्पोकॅम्पस म्हणून भाग आहे, सतत ताण राहिला तर त्याचं पण काम बिघडतं. म्हणजे बाहेर नदी कधीच उतरलेली आणि ह्या पोराच्या आत पाणी अजून ४३ च्या वर, आणि मी विचारतीय तेरा साते किती. वर पट्टी घेऊन उभी राहिले म्हणजे भोंग्याला अजून एक कारण माझं मीच दिलं.

बरं, पूर तरी सगळ्यांना दिसतो, मदतीचे ट्रक येतात. घरात रोज रात्री दारू पिऊन होणारा तमाशा कुणाला दिसतो? आईला होणारी मारहाण, वसुलीला दारात येऊन बसणारी माणसं, ऊसतोडीसाठी दर हंगामाला सुटणारं गाव आणि शाळा? अमेरिकेत सॅन दिएगोला दोन डॉक्टरांनी, फेलिटी आणि आन्डा त्यांची नावं, साडेनऊ हजार मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं, मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारा मार वगैरे, आणि तो अभ्यास १९९८ ला छापून आला. निम्म्याहून जास्त लोकांनी यातलं काही ना काही सोसलेलं निघालं, आणि ज्याच्या वाट्याला जितकं जास्त त्याला पुढं नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकाराचा धोका पण जास्त. आणि ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती, विमा असलेली, बरीचशी शिकलेली होती. त्यामुळं हे गरिबाघरचंच असतं असं समजून बंगल्यातल्या लोकांनी निवांत बसू नये.

आणि सगळी पोरं चावत नाहीत. कोविडमध्ये वडील गेलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती, अक्षर मोत्यासारखं, गृहपाठ पूर्ण, एक शब्द बोलायची नाही. आम्ही सगळ्या बाया तिचं कौतुक करायचो, किती समजूतदार. वर्षभरानं कळलं की ती डबा न खाता तसाच घरी न्यायची आणि रात्री आई झोपली का श्वास घेतीय का ते उठून बघायची. मस्ती करणारं पोरगं निदान दिसतं तरी.

आता कुणी म्हणेल बाई, मग काय सगळ्यांना डोक्यावर बसवायचं? नाही. काही पोरं नुसती वांड असतात, त्यात काही बिघडलेलं नाही, मी पण होते. आणि शिस्त नको असं मी कुठं म्हणतीय, घाबरलेल्या पोराला ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पुढं काय होणार ते आधी सांगणं, हे उलट जास्तच लागतं. त्या पोराचं दप्तर मी परत ओढलं नाही. सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली, मला जड गेलं ते. दाराजवळचा बेंच दिला. आणि एक काम दिलं, रोज सकाळी पेपरमधनं बंधाऱ्याची पातळी बघून फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. २९ फूट. २६ फूट. २२. पहिले काही दिवस लिहून झालं तरी ते त्या आकड्याकडंच बघत बसायचं, मग हळूहळू दप्तर पाठीवरनं मांडीवर आलं, दिवाळीनंतर बेंचखाली, पण पट्टा पायात अडकवलेला. पाढा जानेवारीत आला. म्हणजे पाच महिने, आणि आम्ही चाचणी घेतली होती शाळा भरल्याबरोबर.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २०१० पासूनच बंदी आहे, त्यामुळं छडी परत आणा म्हणणं हे बेकायदेशीर मागणं आहे हे त्या पालकांना नम्रपणे सांगते. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर पाहिजे, त्याहून लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. मी ओळखीच्या चार शाळांत विचारलं, तीन ठिकाणी उत्तर आलं "सर्क्युलर आलं की बघू", एका ठिकाणी चित्रकलेच्या सरांचं नाव लिहून ठेवलंय. सर चांगलेत, पण त्यांनी तरी काय करावं. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला, त्यांच्या गावात एवढं तरी व्हायला पाहिजे. पालक सभेत प्रगतीपुस्तकावर सही करताना एकानं जरी विचारलं की आमच्या शाळेत हे पद आहे का, तर हालचाल होईल.

आणि एक मागणं तुमच्याकडं. पावसाळ्यात तुम्ही रोज चौकटीत बंधाऱ्याची पातळी छापता, तीच आमच्या फळ्यावर यायची. त्याच चौकटीत खाली दोन नंबर छापा, मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६, दोन्ही फुकट आहेत. ते पोरगं यंदा दहावीला आहे, परवा महाद्वार रोडला भेटलं, दप्तर सायकलच्या कॅरेजला लावलेलं होतं, दोरीनं चांगलं तीन वेढे देऊन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)